जिथे मतदान झालंच नाही, तिथल्या जागेचं काय होतं?

१५ जानेवारी २०२६ ला ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांसाठी मतदान झालं. एका प्रभागात चार मतं कशी द्यायची, हीच त्या आठवड्यात आपल्याकडची मुख्य चिंता होती. त्याच सुमाराला म्यानमारमध्ये संसदेची निवडणूक चालू होती, तीन टप्प्यांत: २८ डिसेंबर, ११ जानेवारी आणि २५ जानेवारी. आपल्याकडे टप्पे पडतात ते बंदोबस्ताची माणसं पुरत नाहीत म्हणून. तिथे लष्कर कुठल्या भागात मतदान यंत्र घेऊन पोहोचू शकतं, या हिशेबाने टप्पे पडले होते.

म्यानमारमध्ये ३३० टाऊनशिप आहेत. टाऊनशिप म्हणजे साधारण आपला तालुका. एका टाऊनशिपमागे कनिष्ठ सभागृहाचा एक खासदार. त्यातल्या सुमारे ६५ ठिकाणी मतदान झालंच नाही. तिथे एक तर बंडखोर संघटनांची सत्ता आहे, नाहीतर रोजची लढाई. कोपरखैरण्यात मतदानाच्या रांगेत हे बोलणं निघालं तेव्हा आमच्या सेक्टरमधल्या एका माथाडी काकांनी विचारलं, "मग सर, त्या पासष्ट तालुक्यांचा खासदार कोण? का दिलं सोडून वाऱ्यावर?"

यादवी युद्धातली निवडणूक समजून घ्यायला मला याहून नेमका प्रश्न सापडलेला नाही. पेपरात येतात ते मतदानाचे टक्के, रांगांचे फोटो, बोटावरची शाई. खरी गोष्ट असते ती जिथे मतदान झालं नाही तिथे. त्या जागेचं काय केलं, यावरून ती निवडणूक कशासाठी होती ते बऱ्यापैकी कळतं.

म्यानमारपुरतं उत्तर असं की त्या जागा रिकाम्या राहिल्या. पण त्या रिकाम्या जागांचाही एक हिशेब आहे. २००८ च्या राज्यघटनेने कनिष्ठ सभागृहाच्या ४४० पैकी ११० जागा लष्कराला दिल्या आहेत. तिथे निवडणूक होत नाही, सरसेनापती आपले अधिकारी नेमतो. म्हणजे चौथा हिस्सा आधीच ठरलेला. आता उरलेल्या ३३० मधल्या ६५ च्या आसपास जागा भरल्याच नाहीत, तर सभागृह साधारण ३७५ चं होतं, आणि त्यात ११० म्हणजे २९ टक्के. एकही मत न मागता लष्कराचा वाटा वाढला. शिवाय २०२० च्या निवडणुकीत दोन्ही सभागृहांतल्या लढवलेल्या ४७६ पैकी ३९६ जागा जिंकणारा आंग सान सू ची यांचा पक्ष या वेळी मैदानातच नव्हता. फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी उठावानंतर त्या तुरुंगात गेल्या, आणि नव्या कायद्याप्रमाणे नोंदणी केली नाही म्हणून २०२३ च्या मार्चमध्ये पक्षच बरखास्त झाला. २०२५ च्या जुलैमध्ये 'निवडणुकीच्या संरक्षणाचा' कायदा आला. त्यात निवडणुकीत अडथळा आणणाऱ्याला मृत्युदंडापर्यंत शिक्षेची सोय आहे. बहुमत लष्कराच्या पाठिंब्यावरच्या पक्षाला मिळालं, हे वेगळं सांगायला नको.

इथे थोडं थांबून यादवी युद्ध कशाला म्हणायचं ते बघू. अभ्यासक ढोबळपणे असं धरतात की एकाच देशातल्या दोन सशस्त्र बाजू लढताहेत, त्यातली एक सरकार आहे, आणि वर्षाला लढाईत हजारावर माणसं मरताहेत. आपल्यासाठी आकड्यापेक्षा दुसरी खूण जास्त कामाची: देशाच्या काही भागात सरकारचा तहसीलदार, पोलीस, मास्तर पोहोचतच नाही. निवडणूक घेणारे तेच असतात. ते नाहीत तर मतदान केंद्रही नाही.

केंद्राच्याही आधी यादी येते. वाशीच्या बाजार समितीत ओझी उचलणारे माथाडी मुख्यतः सातारा, सांगली, पुणे जिल्ह्यांतले. नाव गावच्या यादीत ठेवायचं की इथल्या, हा त्यांच्या घरातला जुना वाद. २०१४ च्या लोकसभेला साताऱ्याचं मतदान १७ एप्रिलला होतं आणि ठाण्याचं २४ ला. तेव्हा एका ज्येष्ठ नेत्याने माथाडींच्या मेळाव्यात सांगितलं होतं की तिकडे मत द्या, शाई पुसा आणि इकडेही द्या. पुढे ते म्हणाले की आपण गंमत केली होती. शांततेच्या काळात एवढ्यावर भागतं. पण अर्धा देशच घर सोडून पळाला असेल, तर माणूस कुठल्या यादीत धरायचा हे ठरवणारा जवळपास निकालच ठरवतो.

सीरिया हे त्याचं उत्तम उदाहरण. युद्ध सुरू होण्याआधी लोकसंख्या सव्वादोन कोटींच्या आसपास. त्यातल्या निम्म्याहून जास्त लोकांनी घर सोडलं, काही देशातल्या देशात, काही तुर्कस्तान, लेबनॉन, जॉर्डनला. तरी संसदेच्या निवडणुका २०१२, २०१६, २०२० आणि २०२४ अशा वेळापत्रकाने होत राहिल्या. २०२० ची करोनामुळे काही महिने पुढे गेली, एवढंच. १३ एप्रिल २०१६ च्या मतदानावेळी रक्का शहर 'इस्लामिक स्टेट'च्या ताब्यात होतं आणि इदलिब बंडखोरांच्या. तरीही त्या प्रांतांच्या जागा रिकाम्या राहिल्या नाहीत! तिथून पळून सरकारी भागात आलेल्यांसाठी इतर शहरांत केंद्रं उघडली आणि खासदार 'निवडून आले'. आपल्याच गावात पाऊल ठेवू न शकणारा लोकप्रतिनिधी. काकांच्या प्रश्नाचं हे दुसरं उत्तर: जागा भरायची, पण मतदार बाहेरून आणायचा.

ही युक्ती सीरियाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बशर अल असद यांच्या डोक्यातून निघालेली नाही. अमेरिकेच्या यादवी युद्धात, १८६३-६४ मध्ये, दक्षिणेकडच्या फुटीर राज्यांनीही तेच केलं होतं. केंटकी आणि मिसुरी उत्तरेच्या ताब्यात होती, तरी दक्षिणेच्या काँग्रेसमध्ये, म्हणजे संसदेत, त्यांचे प्रतिनिधी बसत. मतदार कोण, तर त्या राज्यांतून आलेले सैनिक आणि निर्वासित. गंमत अशी की असे प्रतिनिधी युद्ध लांबवण्याच्या बाजूने जोरात बोलू शकत. त्यांच्या मतदारसंघात ना कर वसूल होणार होता, ना सैन्यभरती.

उत्तरेने दुसरा मार्ग घेतला. वॉशिंग्टनच्या काँग्रेसमध्ये फुटीर राज्यांच्या बहुतेक जागा रिकाम्या ठेवल्या. मग कोरमचा पेच आला. सभागृहाच्या एकूण जागांच्या निम्म्याहून अधिक माणसं हजर पाहिजेत, पण एकूण जागा म्हणजे किती? १८६१ मध्ये प्रतिनिधीगृहाचे अध्यक्ष गलुशा ग्रो यांनी निर्णय दिला की प्रत्यक्ष निवडून आलेल्या सदस्यांवरूनच कोरम मोजायचा. वाचायला कारकुनी वाटतं. पण याच रिकाम्या बाकांमुळे दक्षिणेने वर्षानुवर्षं अडवून धरलेले कायदे धडाधड झाले. शेतकऱ्यांना मोफत जमीन देणारा, पॅसिफिकपर्यंत रेल्वे नेणारा आणि राज्यांना महाविद्यालयांसाठी जमिनी देणारा, हे तिन्ही कायदे एकट्या १८६२ मधले. ३१ जानेवारी १८६५ ला गुलामगिरी संपवणारी घटनादुरुस्ती प्रतिनिधीगृहात ११९ विरुद्ध ५६ मतांनी मंजूर झाली. दक्षिणेचे प्रतिनिधी बसलेले असते तर दोन तृतीयांश मतं जमणं अशक्य होतं. जागा रिकामी राहणं नेहमीच अन्यायाचं असतं असं मी म्हणणार नाही. त्या जागेवर गुलामांचे मालक बसणार होते.

श्रीलंकेचं उत्तर सगळ्यात चमत्कारिक. ऑगस्ट १९९४ मध्ये जाफना द्वीपकल्प लिट्टेच्या ताब्यात होता. मतदान झालं ते मुख्यतः किनाऱ्यालगतच्या, नौदलाच्या पहाऱ्याखालच्या बेटांवर. तिथली पद्धत आपल्यासारखी 'ज्याला जास्त मतं तो जिंकला' अशी नाही. जिल्ह्याला ठरावीक जागा आणि पडलेल्या मतांच्या प्रमाणात त्यांची वाटणी. जाफनाच्या जागा ठरल्या कागदावरच्या मतदारसंख्येवरून, आणि मतं पडली अडीच टक्क्यांहूनही कमी. लिट्टेच्या विरोधातल्या एका तमिळ गटाने साडेदहा-अकरा हजार मतांत १० पैकी ९ जागा घेतल्या. आपल्याकडे तेवढ्या मतांत महापालिकेचा नगरसेवकही धाकधुकीत असतो. मात्र निवडणूक तेवढ्याने खोटी ठरली नाही. दक्षिणेत लोकांनी सतरा वर्षांची सत्ता पाडली, चंद्रिका कुमारतुंग पंतप्रधान झाल्या, काही महिन्यांनी राष्ट्राध्यक्ष, आणि लिट्टेशी बोलणी सुरू झाली. ती फिसकटली, ते पुढचं. एकाच दिवशी, एकाच देशात, एका टोकाला निवडणूक खरी होती आणि दुसऱ्या टोकाला नावापुरती.

आता मतदानाच्या टक्क्यांकडे, कारण बातम्यांचा सगळा भर त्यावर. २०२४ च्या लोकसभेला गडचिरोली-चिमूरमध्ये ७१ टक्क्यांवर मतदान झालं आणि ठाण्यात ५२ च्या आसपास. गडचिरोलीत काही केंद्रांवर कर्मचारी हेलिकॉप्टरने पोहोचवावे लागतात, नक्षलवाद्यांच्या बहिष्काराचा इतिहास आहे, मतदान दुपारी तीनलाच बंद होतं. ठाण्यात केंद्र सोसायटीच्या समोरच्या शाळेत. मग लोकशाही कुठे जास्त मुरली आहे? टक्क्यांवरून तरी सांगता येणार नाही. (गडचिरोलीतल्या संघर्षाला यादवी युद्ध म्हणत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. पण निवडणूक यंत्रणेला पडणारे प्रश्न त्याच घरातले.)

यादवीत हा आकडा आणखी फसवा होतो. मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोरमध्ये २८ मार्च १९८२ ला साठ जणांची संविधान सभा निवडायला लोकांनी मैलभर रांगा लावल्या. अमेरिकी वार्ताहर भारावून गेले. पण तिथे मतदान कायद्याने सक्तीचं होतं आणि मत दिलं की ओळखपत्रावर शिक्का बसायचा. ज्या देशात रात्री नाक्यावर सैनिक ओळखपत्र तपासतात आणि सकाळी रस्त्याकडेला मृतदेह सापडतात, तिथे शिक्का नसलेलं ओळखपत्र खिशात ठेवून फिरण्याची हिंमत कोण करणार? म्हणजे रांग लोकांच्या उत्साहाचीही असेल आणि भीतीचीही. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. तरीही निकाल कुणाच्या मुठीत राहिला नाही. अमेरिकेचे लाडके ख्रिश्चन डेमोक्रॅट २४ जागा घेऊन पहिले आले, पण कडव्या उजव्या पक्षांनी एकत्र येऊन सभेचा ताबा घेतला. दिखाव्यासाठी घेतलेली निवडणूकही कधीकधी घेणाऱ्याच्या हातातून निसटते.

उलट बाजू पंजाबची. फेब्रुवारी १९९२ मध्ये अकाली गटांपैकी बहुतेकांनी बहिष्कार टाकला, दहशतवाद्यांनी धमक्या दिल्या, आणि विधानसभेला मतदान झालं जेमतेम २४ टक्के. काँग्रेसच्या बेअंत सिंग यांच्या सरकारला अल्पमताचं म्हणून हिणवलं गेलं. तरी राष्ट्रपती राजवट संपली, विधानसभा पाच वर्षं चालली, आणि १९९७ मध्ये बहिष्कार टाकणारे अकालीच निवडणूक लढवून सत्तेत आले. कमी टक्क्यांच्या त्या निवडणुकीने पुढची निवडणूक शक्य केली. मला तरी हा निकष आकड्यापेक्षा भरवशाचा वाटतो.

एवढी यातायात करून निवडणूक घेतातच कशाला? दमास्कसपुरतं, म्हणजे असद सरकारपुरतं, उत्तर सोपं होतं. 'आम्हीच देश, बाकीचे बंडखोर' हे जगाला दाखवायचं. निवडणूक म्हणजे ताबा असल्याचा सातबारा. १५ जुलै २०२४ ला असद यांच्या बाथ पक्षाने २५० पैकी १६९ जागा घेतल्या, मित्रपक्ष धरून १८५. पाच महिनेही झाले नाहीत तोच, ८ डिसेंबरला, असद देश सोडून पळाले. त्या १८५ खासदारांपैकी कुणी संसदेच्या दारात उभं राहून सरकार वाचवायला धावला नाही.

अमेरिकेच्या यादवीत उत्तरेचे अध्यक्ष असलेल्या लिंकन यांचं गणित वेगळं होतं, कारण ते हरू शकत होते. १८६२ मध्ये त्यांच्या पक्षाच्या प्रतिनिधीगृहातल्या जागा घटल्या होत्या. २३ ऑगस्ट १८६४ ला त्यांनी एका कागदावर लिहून ठेवलं की आपलं सरकार पुन्हा निवडून येणं फार अवघड दिसतं. मंत्र्यांना तो न वाचताच त्यावर सह्या करायला लावल्या. दहा दिवसांनी दक्षिणेचं अटलांटा शहर पडलं आणि वारं फिरलं. इंडियानाच्या कायद्यात छावणीतून मत देण्याची सोय नव्हती, तर त्यांनी सेनापती शर्मनला पत्र लिहिलं की जमतील तेवढे सैनिक मतदानापुरते घरी सोडा. आपल्याकडे निवडणुकीला गावच्या गाड्या भरून जातात, तशा तिथे आगगाड्या भरून गेल्या. स्वतंत्र मोजलेल्या सैनिकी मतांत लिंकनना जवळपास ७८ टक्के पडली. हे सरळ फायद्याचं काम होतं, त्याला उदात्त म्हणायची गरज नाही. पण विरोधी उमेदवार जनरल मॅक्लेलन तुरुंगात नव्हता. त्याला गावोगाव पाठिंबा होता आणि सैनिकांत तो लोकप्रियही होता.

लिंकनना निवडणूक पुढे ढकलता आली असती का? मुदत घटनेने बांधलेली, वाढवायची सोयच नाही. आपल्या घटनेत आणीबाणी चालू असताना लोकसभेची मुदत एका वेळी एक वर्ष वाढवता येते, आणि आणीबाणी उठल्यावर सहा महिन्यांच्या पुढे नाही. १९७६ मध्ये ते झालंही. निवडणूक पुढे जायला युद्धच लागतं असं मात्र नाही. नवी मुंबईच्या नगरसेवकांची मुदत मे २०२० मध्ये संपली, ठाण्याची मार्च २०२२ मध्ये. आधी करोना, मग आरक्षणाचे खटले, मग प्रभागरचना. पाच वर्षांहून जास्त काळ नवी मुंबईचा गाडा प्रशासकाने हाकला. सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२६ ची शेवटची तारीख घालून दिली, तेव्हा कुठे मतदान झालं.

आपण सभागृह रिकामं केलं आणि निवडणूक लांबवली. लेबनॉनने सभागृह तसंच ठेवून निवडणूक लांबवली. १९७२ मध्ये निवडलेली ९९ जणांची संसद यादवीची पंधरा वर्षं आणि नंतरही थोडी, म्हणजे १९९२ पर्यंत, स्वतःलाच मुदतवाढ देत राहिली. कोणी म्हातारपणाने गेले, कोणी मारले गेले. १९८९ मध्ये हयात होते ७३, आणि त्यातले ६२ सौदी अरेबियातल्या ताइफला जाऊन बसले. तिथे झालेल्या कराराने युद्ध संपायला सुरुवात झाली. सतरा वर्षं शिळी झालेली ही संसद कुणाचंही नीट प्रतिनिधित्व करत नव्हती, पण सगळ्या धर्मपंथांची माणसं असलेली आणि कायद्याने वैध अशी देशात तेवढी एकच जागा उरली होती. मधल्या काळात बंदुकांच्या छायेत निवडणूक झाली असती तर त्या खुर्च्यांवर टोळ्यांचे म्होरके आले असते. लांबणीवर टाकणं वाईटच, हा हेका इथे टिकत नाही.

असदनंतरच्या सीरियानेही अर्धवट वाट काढली. ऑक्टोबर २०२५ मध्ये २१० जागांच्या संसदेसाठी निवडणूक झाली, पण सामान्य माणसाने मत दिलंच नाही. समित्यांनी निवडलेल्या सुमारे सहा हजार जणांनी दिलं. एक तृतीयांश सदस्य राष्ट्राध्यक्ष अहमद अल शरा यांनी नेमायचे. कारण सांगितलं ते असं की लोक विखुरलेत, कागदपत्रं नाहीत, यादी करता येत नाही. कारण खरं आहे. सोयीचंही आहे. सुवेदा, आणि तेव्हा कुर्द फौजांच्या ताब्यात असलेले रक्का आणि हसाका, इथल्या बहुतेक जागा त्या वेळी रिकाम्या ठेवल्या. २०१६ सारखे बाहेरून मतदार आणून त्या भरल्या नाहीत, एवढी सुधारणा मानायला हरकत नाही.

लिबियात मात्र भरलेल्या जागाच डोकेदुखी ठरल्या. २५ जून २०१४ ला तिथे २०० जणांच्या प्रतिनिधीगृहासाठी मतदान झालं. देशात गोळीबार सुरू झालेलाच होता. बेंगाझीत सलवा बुगाइगिस या वकील आणि कार्यकर्त्या मत देऊन घरी आल्या आणि त्याच दिवशी त्यांचा खून झाला. पात्र मतदारांपैकी १८ टक्क्यांनी मत दिलं, १२ जागा भरल्याच नाहीत. निकालात हरलेल्या गटांनी त्रिपोलीचा ताबा घेतला, नवी संसद हजारभर किलोमीटर दूर तोब्रुकला जाऊन बसली, जुनीने गाशा गुंडाळायला नकार दिला. नोव्हेंबरमध्ये त्रिपोलीच्या सर्वोच्च न्यायालयाने नव्या संसदेविरुद्ध निकाल दिला, तो तिने मानला नाही. एका देशात दोन संसदा, दोन सरकारं. २४ डिसेंबर २०२१ ला नवी निवडणूक ठरली. नोंदणी झाली, उमेदवारांचे अर्ज आले, आणि मतदानाला दोन दिवस असताना ती लांबणीवर पडली. २०१४ ची संसद अजून तीच आहे.

काकांना हे सगळं सांगून झाल्यावर त्यांनी एवढंच विचारलं की तिथल्या आमदारांना पगार मिळतो का. लिबियात तरी मिळतो. तेलाचे पैसे मध्यवर्ती बँकेत येतात आणि दोन्ही बाजूंचे पगार तिथूनच जातात. निवडणूक घ्यायची घाई कुणाला का नाही, याचं निम्मं उत्तर तिथेच आहे.